वाईत घर आहे? मग हे प्रश्न तुम्हालाही पडतील

आमच्या ओसरीवर येणाऱ्यांचे प्रश्न आता पाठ झालेत. कुणी निवृत्तीनंतर आजोबांचा वाडा उघडायला आलेलं असतं, कुणी पुण्यातला फ्लॅट विकून इथं छोटा बंगला घेतलेला असतो. कुणी जन्मापासून इथलंच असतं, पण आई गेल्यावर कुरडयांचं प्रमाण विचारायचं कुणाला, या विचारात पडलेलं असतं. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहूनच काढलं. उत्तरं माझी आहेत, म्हणजे मधल्या आळीकडे थोडी झुकलेली आहेत. गंगापुरीवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं घर नेमकं कुठल्या आळीत मोडतं, हे कसं समजायचं?

घरपट्टीच्या बिलावर पत्ता असतो. पण खरी आळी कळते ती वर्गणी मागायला कोण येतं त्यावरून. वाईच्या जुन्या गावाचे नदीकाठाने भाग पडलेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. प्रत्येकाचा आपला घाट, आपला उत्सव आणि आपली म्हणून एक ठसन. तुम्ही नव्या वसाहतीत, रस्त्यापलीकडे राहत असाल तर तुमच्या सोसायटीला घाट नाही. मग आजोळच्या किंवा मित्राच्या आळीत सामील व्हा, कुणी हाकलत नाही.

पावसाळ्याआधी घराची कामं कधी आणि कुठून सुरू करायची?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मृग लागतो 7 जूनच्या आसपास, पण वळवाला पंचांग ठाऊक नसतं. शिवाय कौलं चाळणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत आणि 25 मेनंतर ती फोन उचलत नाहीत.

कौलारू घर असेल तर सुरुवात वरून करा. फुटकी आणि सरकलेली मंगलोरी कौलं बदला. दुपारी माळ्यावर जाऊन दार लावून घ्या आणि अंधारात उभे राहा. जिथून उजेडाची टाचणी दिसते तिथून जुलैत पाणी येणार. खडूने वाशावर खूण करून ठेवा, म्हणजे वर चढलेल्या माणसाला खालून ‘जरा डावीकडे, अजून डावीकडे’ करत बसावं लागत नाही. घाटाजवळच्या घरांना वानरांचा उपद्रव असतो. एक टोळी एका दुपारी आठ-दहा कौलं सहज सरकवते. म्हणून पंधरा-वीस जादा कौलं आणि दोन-तीन कोन्याची कौलं जिन्याखाली रचून ठेवायची. ऐन पावसात दुकानात मिळणारं कौल आपल्या मापाला बसेलच असं नाही.

मग पन्हाळी. त्यात पिंपळाचं रोप उगवलं असेल तर नुसतं वरून तोडू नका, मूळ काढा. भिंतीच्या सांध्यात शिरलेला पिंपळ पाच वर्षांत दगड हलवतो.

स्लॅबचं घर असेल तर गच्चीचे उतार आणि पाइपांची तोंडं बघा. कोपऱ्यात बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. दहा मिनिटांनी तिथंच असेल, तर गवंड्याला बोलवा.

वाईतही महाबळेश्वरसारखाच पाऊस असतो का?

नाही, आणि हे ऐकून पुण्याचे पाहुणे दरवेळी चकित होतात. महाबळेश्वर इथून जेमतेम बत्तीस-तेहतीस किलोमीटर. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि वाई गावात तो हजाराच्या आतच राहतो. डोंगर ढगांना आधीच पिळून घेतात, आपल्याकडे उरलंसुरलं येतं. पसरणी घाट चढताना अर्ध्या तासात हवा बदलते ती यामुळेच.

पण हे झालं गावाचं. तालुक्याच्या पश्चिमेकडे, धोमच्या वरच्या अंगाला गेलात की पाऊस वाढतच जातो. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत त्या बाजूला दरडी कोसळल्या. डोंगरउतारावर ‘व्ह्यू’ म्हणून प्लॉट दाखवणारा दलाल हे सांगत नाही. तो तुम्हाला नेतोही डिसेंबरातच. प्लॉट जुलैत बघायला जा.

नदीकाठच्या घरांना पुराची भीती कितपत?

गणपती आळीतलं ढोल्या गणपतीचं देऊळ पाहिलंय ना, त्याची मागची भिंत बघून या. 1762 मध्ये गणपतराव रास्त्यांनी ते बांधलं. मागची बाजू माशाच्या आकाराची ठेवली आहे, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. ज्यांनी नदीच्या पात्रात देवळं बांधली त्यांना नदी काय करू शकते हे नीट माहीत होतं. आपण मात्र काठावर पार्किंगसाठी भराव टाकतो.

वरती धोम धरण आहे, त्यामुळे पाणी सोडण्याची सूचना आधी मिळते. पात्रालगत राहणाऱ्यांनी ती गांभीर्याने घ्यावी. घर घेण्याआधी पूररेषा तपासा: निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते आणि निळ्या-लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी असतात. नकाशा पाहायला मिळतो, नगरपालिकेत विचारा. ‘इथपर्यंत कधी पाणी आलं नाही’ असं सांगणाऱ्याचं वय आधी विचारावं.

जुन्या मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला तर चालेल का?

चालेल, तीन पावसाळे. आमच्या मागच्या पडवीची भिंत काळ्या दगडाच्या जोत्यावर पांढऱ्या मातीची आहे. एका ठेकेदाराने ‘काका, एकदा सिमेंट मारा, आयुष्यभर बघायला नको’ म्हणून सांगितलं आणि मी ऐकलं. पहिल्या वर्षी भिंत इतकी गुळगुळीत दिसत होती की मी तिथं कॅलेंडर लावायलाही तयार नव्हतो. दुसऱ्या वर्षी जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत लोणा धरला. तिसऱ्या वर्षी श्रावणात एका रात्री धप्प असा आवाज झाला. सकाळी पाहतो तर ताटाएवढा पोपडा सुटून खाली पडलेला, आणि आतली माती हाताने उकरता येईल इतकी ओली.

मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि बाहेर टाकते. वर सिमेंट आलं की ती ओल बाहेर पडू शकत नाही, आतच साठते आणि भिंतीचा भुगा करते. चुन्याचा गिलावा ओल जाऊ देतो. चुना, वाळू आणि विटांचा चुरा हे मूळ मिश्रण. जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी आणि हिरडा घालायचे. काम हळू होतं, चुना आधी भिजवून मुरवावा लागतो, आणि करणारा माणूस शोधावा लागतो. पण मिळतो. आम्ही अखेर सगळं सिमेंट खरवडून काढलं आणि चुना केला. खर्च दुप्पट झाला, त्यातला निम्मा माझ्या शहाणपणाचा.

पावसाळ्यात बाजारात भाजी धड मिळत नाही. इथले लोक तेव्हा काय करतात?

हुलग्याचे शेंगोळे. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तेच हुलगे. बाहेर झड लागलेली असताना हे खाल्लं की अंगात ऊब येते आणि संध्याकाळी दुसरं काही करायची इच्छा राहत नाही.

चार माणसांना दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी कणीक. दहा-बारा लसूण पाकळ्या, चार मिरच्या, चमचाभर जिरं हे जाडसर वाटून अर्धं पिठात घाला. हळद, मीठ आणि थोडं तेल घालून घट्ट भिजवा, चपातीपेक्षा घट्ट. त्यातलं लिंबाएवढं पीठ बाजूला ठेवा. बाकीच्याचे छोटे गोळे तेलाच्या हाताने पोळपाटावर वळून करंगळीएवढी जाड दोरी करायची आणि टोकं जुळवून कडं करायचं. मुलांना बसवा या कामाला, अर्धी कडी चंद्रकोरीसारखी होतील, होऊ द्या.

पातेल्यात जरा सढळ तेलाची फोडणी, उरलेलं वाटण त्यात लाल होईपर्यंत परता, सहा-सात वाट्या पाणी घाला. पाणी खळखळून उकळल्यावरच शेंगोळे एक-एक सोडा. उकळी नसताना सोडले तर विरघळतात आणि पिठलं होतं, मग तेच करायचं होतं असं म्हणावं लागतं. बाजूला ठेवलेलं पीठ पाण्यात कालवून वरून ओता, त्याने रसाला दाटपणा येतो. वीस मिनिटं मंद आचेवर. शिजलेला शेंगोळा तोडला की मध्ये पांढरा ठिपका दिसत नाही. बाजरीची भाकरी, कच्चा कांदा.

गौरी-गणपतीत घरातलं निर्माल्य नदीत सोडायचं का?

नाही. कृष्णामाईच्या नावाने उत्सव करायचे आणि तिच्यातच प्लास्टिकच्या पिशवीसकट हार टाकायचे, हे आता तरी पुरे. परसात खड्डा करा, फ्लॅट असेल तर कुंडीत जिरवा. शाडूची मूर्ती बादलीत विरघळते, ती माती तुळशीला घाला.

आमच्याकडे गौरी नव्याने बसवायच्या आहेत. इथली पद्धत काय?

ज्याच्या-त्याच्या घरची. कुणाकडे खड्यांच्या, कुणाकडे मुखवट्यांच्या, कुणाकडे उभ्या. पुरणपोळी आणि सोळा भाज्या बहुतेक घरांत असतात. सासूबाईंना विचारा. सासूबाई नसतील तर शेजारच्या आजींना विचारा, पण मग त्यांच्या पद्धतीनेच करावं लागेल.

दिवाळीत मुलांना किल्ला करायचा आहे, सोसायटी परवानगी देत नाही. काय करावं?

सोसायटीच्या अध्यक्षांना विचारा की त्यांनी लहानपणी कुठे केला होता. चारी बाजूंना पांडवगड, वैराटगड, कमळगड, केंजळगड असे किल्ले उभे आहेत आणि त्यांच्या पायथ्याच्या गावात मुलांना ढिगारा करायला कोपरा मिळू नये!

दगड-विटांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर मातीचा लेप. उतारावर मोहरी किंवा हळीव पेरा, वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी, म्हणजे पाडव्यापर्यंत रान हिरवं होतं. रोज पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर महाराज सिंहासनासकट घसरून तळ्यात येतात. आमच्याकडे एकदा आले होते. आणि मुलांना बाजारातला तयार प्लास्टरचा किल्ला आणून देऊ नका. त्याने तीन दिवसांत होणारी भांडणंच होत नाहीत, आणि मजा भांडणातच असते.

थंडीत मंडईत ओली हळद दिसते. तिचं नेमकं काय करायचं?

या प्रश्नाची मी वाटच बघत असतो. वाईच्या आसपासचा पट्टा हळदीचा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावतात, आणि थंडी सरत आली की काढणी. शेतात हळद शिजवत असतील तर लांबूनच वास येतो, ओल्या मातीचा आणि औषधाचा मिळून असतो तसा. त्या दिवसांत मंडईत ओली हळकुंडं मिळतात. शेजारीच आंबेहळद ठेवलेली असते. ती फिक्कट आणि मोडली की कैरीचा वास येतो. दोन्ही घ्या.

ओल्या हळदीचं लोणचं असं: पाव किलो हळद, असतील तर दोन-तीन कांड्या आंबेहळद, पन्नास ग्रॅम आलं, आठ-दहा हिरव्या मिरच्या. हळद धुऊन, चमच्याच्या कडेने साल खरवडून, पूर्ण कोरडी करा. कोरडी म्हणजे कोरडी, फडक्यावर पंख्याखाली तासभर. मग बारीक काड्या चिरा. किसली तर पटकन मुरते पण लगदा होतो, मला काड्याच आवडतात. त्यात अडीच-तीन चमचे मीठ, दोन मोठे चमचे मोहरीची डाळ, आणि पाच-सहा रसाळ लिंबांचा रस. लिंबू कमी घालू नका. लोणच्याचा टिकाऊपणा त्यातच आहे आणि हळदीचा कडवटपणाही तेच मारतं. अर्धी वाटी तेलाची फोडणी करा, मोहरी, चिमूटभर मेथीदाणे आणि सढळ हिंग. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच ओता. बरणीत भरून चार दिवस रोज एकदा हलवा, काड्या रसात बुडलेल्या राहू द्या. फ्रीजमध्ये दोन महिने आरामात राहतं, पण आमच्याकडे तीन आठवड्यांच्या पुढे गेल्याचं आठवत नाही.

हात पिवळे होतात. आधी तेल चोळून घेतलं तर कमी होतात. ओट्यावर आणि शर्टवर पडलेले डाग साबणाने लालसर होतात म्हणून घाबरू नका. शर्ट धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाका, ऊन तो रंग खातं. हातांना मात्र तीन दिवस लागतात, आणि तेवढे दिवस ऑफिसात ‘कुणाची हळद होती?’ ऐकून घ्यायचं.

भोगीच्या भाजीत नेमकं काय-काय घालतात?

जे त्या आठवड्यात शेतात आहे ते. हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, घेवडा, वांगी, गाजर, ओल्या शेंगांचे दाणे, बोरं, उसाचा एखादा तुकडा. आमटीपेक्षा दाट आणि भाजीपेक्षा पातळ. वाटणात तीळ आणि शेंगदाण्याचं कूट. वर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. आदल्या दिवशी सगळं सोलून ठेवा, भोगीच्या सकाळी पावटे सोलत बसलात तर जेवायला तीन वाजतील.

कृष्णाबाईचा उत्सव म्हणजे काय, आणि आम्ही बाहेरून आलेलो, आम्हाला त्यात घेतील का?

दिवाळी सगळीकडे असते. नदीचा उत्सव, तोही घाटाघाटाने, हा आपला. माघात सुरू होतो आणि फाल्गुनापर्यंत एका घाटावरून दुसऱ्या घाटावर सरकत जातो. परंपरा अशी सांगतात की 1659 मध्ये अफझलखान वाईला तळ देऊन होता, तेव्हा संकट टळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला, आणि प्रतापगडाखाली जे झालं ते झाल्यावर तो फेडायला सुरुवात झाली. तो आजवर फेडतोच आहोत.

घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची स्थापना होते, आणि तेवढे दिवस आळीची घरं अर्धी घाटावर राहायला जातात. सकाळी पूजा, दुपारी बायकांची ओटी भरायला रांग, संध्याकाळी कीर्तन, गाणं, व्याख्यान. पायऱ्यांवर सतरंजी टाकून बसायचं, पाठीला दगड गार लागतो म्हणून घरातून उशी न्यायची. समोर पाण्यात मांडवाचे दिवे हलत असतात. गवई चांगला असेल तर छान, नसेल तरी पाणी आहेच.

मग महाप्रसाद. पंगतीत पत्रावळ, भात, आमटी, भाजी, काहीतरी गोड. ही आमटी घरी होत नाही. प्रमाण तेच घेऊन आम्ही करून पाहिली आहे. मोठ्या पातेल्यात, लाकडावर, डाव ढवळणाऱ्याच्या शिव्या खात उकळल्याशिवाय तिला ती चव येत नसावी. आमच्या आळीची सगळ्यात चांगली असते, हे वेगळं सांगायला नको. धर्मपुरीवालेही त्यांच्या आमटीबद्दल हेच म्हणतात, म्हणोत बापडे.

घेतील का? प्रश्नच चुकीचा आहे. मांडवात जा आणि ‘काय काम आहे?’ असं विचारा. पहिल्या वर्षी तुम्हाला पत्रावळी मांडायला देतील. दुसऱ्या वर्षी पाणी वाढायला. मीठ-लिंबू-चटणी तिसऱ्या वर्षी. आमटीचं बादलीभर ओझं घेऊन पंगतीतून पळणं हा मान आहे आणि तो लगेच मिळत नाही. आमच्या शेजारी नाशिकहून आलेलं एक कुटुंब आहे. त्यातले काका पहिल्या वर्षी पाहुण्यासारखे इस्त्रीचा झब्बा घालून खुर्चीवर बसले होते. परवाच्या उत्सवात तेच मला ‘अहो बाजूला व्हा, गरम आहे’ म्हणून ओरडले.

वर्गणी किती द्यायची?

शेजाऱ्याएवढी. जास्त दिलीत तर पुढच्या वर्षी तेवढीच मागतील, कमी दिलीत तर यादीत दिसेल. पैशापेक्षा तांदूळ, तूर डाळ, गूळ किंवा एखाद्या दिवसाची फुलं असं काही पत्करलं तर जास्त लक्षात राहतं.

यात्रांच्या दिवसांत गाडी घेऊन बाहेर पडावं का?

पौष पौर्णिमेला मांढरदेवीची यात्रा आणि रंगपंचमीला बावधनचं बगाड, हे दोन दिवस कॅलेंडरवर लाल खुणेने लिहून ठेवा. त्या दिवशी पाहुण्यांना बोलावू नका, सिलिंडर संपू देऊ नका. मे महिन्यातले शनिवार-रविवार महाबळेश्वरला जाणाऱ्यांचे असतात, तेव्हाही तेच.

वाळवणं घरी करायची आहेत. कुरडया मोडतात, तुकडे पडतात. कुठे चुकतं?

बहुतेक वेळा चीक कच्चा राहतो. एक किलो गहू धुऊन तीन दिवस भिजत घाला, पाणी रोज बदला. वास येतो, यायलाच हवा. चौथ्या दिवशी वाटून भरपूर पाण्यात कोळा, गाळा, चोथा पुन्हा कोळा. पांढरं पाणी रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचं निवळ पाणी हलक्या हाताने काढून टाका. खाली दाट चीक राहतो. तो वाटीने मोजा, तेवढ्याच वाट्या पाणी मीठ, हिंग आणि पळीभर तेल घालून उकळत ठेवा.

आता दोन माणसं लागतात. एकाने चीक धारेने ओतायचा, दुसऱ्याने न थांबता ढवळायचं. गुठळी झाली तर ती जन्मभर गुठळीच राहते. आधी पांढरं, मग राखाडी, मग काचेसारखं पारदर्शक झालं आणि उलथन्याला चिकटेनासं झालं की झालं. पारदर्शक होण्याआधी उतरवलात, तर वाळल्यावर कुरडई तडकणार. गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर घाला, उन्हाच्या आत, म्हणजे साडेसातपर्यंत. संध्याकाळी उलटा, दोन-तीन उन्हं द्या.

आणि पातेल्यात थोडा चीक मुद्दाम ठेवायचा. गरम चीक, वर दूध-साखर किंवा नुसतं तेल-तिखट. गल्लीतली मुलं वासावर येतात. ज्यांच्या घरी गच्ची नाही त्यांनी गच्चीवाल्यांशी वर्षभर नीट वागावं, हा त्यावर उपाय.

मे महिन्यात संध्याकाळी घरात बसवत नाही. गावात काही असतं का?

टिळक ग्रंथसंग्रहालयाची वसंत व्याख्यानमाला. ज्या गावात प्राज्ञपाठशाळा उभी राहिली, जिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तयार होऊन 1976 मध्ये बाहेर पडला, तिथे वक्त्याला सभागृहातून प्रश्न विचारले जातात आणि ते सोपे नसतात. पुढच्या रांगेतली आजोबामंडळी डोळे मिटून बसलेली दिसली, तरी झोपलेली नसतात. वक्त्याने तारीख चुकवून बघावी.

शूटिंगवाले वाडा भाड्याने मागतायत. द्यावा का?

मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट पडद्यावर इतक्यांदा दिसलाय की आता लोकेशन शोधणारे आपल्याही दारात येतात. द्यायला हरकत नाही, पण सगळं लेखी. दिवस मोजताना सामान लावण्या-काढण्याचे दिवस धरा. अनामत आधी घ्या. सागवानी तुळयांना खिळा मारायचा नाही, भिंत रंगवली तर मूळ रंगात परत करून द्यायची, शेणाने सारवलेल्या जमिनीवरून ट्रॉली न्यायची नाही, हे शब्दांत लिहा. आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. त्यांच्या दारात जनरेटर रात्रभर धडधडणार असतो, पैसे मात्र तुमच्या खात्यात येणार असतात. आमच्या ओळखीच्या एका घरात शूटिंगसाठी तुळशीवृंदावन हलवलं, जाताना परत ठेवलं, पण तोंड दुसरीकडे करून. आजींच्या ते दोन वर्षं डोक्यातून गेलं नाही.

वडिलोपार्जित घर आहे, नावावर अजून आजोबांच्याच. काय करायचं?

सिटी सर्व्हेत जाऊन मालमत्ता पत्रकाचा उतारा काढा, वारसनोंद लावा. घरपट्टीवर नाव आहे म्हणजे मालकी झाली असं समजू नका. भाऊ-बहिणी बोलत असतानाच हे उरकावं.

आम्ही पुण्यात राहतो, सणाला येतो. बाकी वर्ष घर बंद राहिलं तर काय होतं?

पहिलं वर्ष काही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात दारं फुगतात, कड्या बसत नाहीत. चौकटीत वाळवी लागते आणि ती आतून खाते, बाहेरचा रंग तसाच ठेवून. माळ्यावर वटवाघळं येतात. न वापरलेल्या संडासातलं पाणी आटून वास घरभर पसरतो. चुलीचा धूर, रोजचं झाडणं, खिडक्या उघडणं-लावणं यावर ही घरं जगतात.

महिन्यातून एकदा तरी या आणि एक रात्र राहा. तेवढं जमत नसेल तर एक किल्ली शेजारी द्या. नुसती किल्ली देऊन चालत नाही. किल्लीच्या बरोबर एक चिठ्ठी द्या: मुख्य नळाचा कॉक कुठे आहे, मीटरचा मेन स्विच कुठला, गॅस बंद केलाय का. आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायला सांगा, पावसाळ्यात उजेडाची टाचणी बघायला सांगा. आणि उत्सवाच्या यादीत नाव घालून ठेवा, प्रसादाचा पुडा शेजारी घेऊन ठेवतील. लाडू असेल तर टिकेल. आमटी असेल तर त्याच दिवशी यावं लागेल.